मराठवाड्याच्या उन्हात रंगीत रोल निवडताना

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या अनेक घरांतल्या लोखंडी कपाटांतून जुने कॅमेरे पुन्हा बाहेर येऊ लागले आहेत. कोणाला आजोबांचा याशिका सापडतो, कोणाला वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेला छोटा ऑटोमॅटिक कॅमेरा मिळतो, तर कोणी हौसेने जुना एसएलआर विकत घेतो. बॅटरी घातली, शटर वाजले, की लगेच पुढचा प्रश्न येतो, तो म्हणजे यात रोल कोणता घालायचा. हा प्रश्न विचारला की बहुतेक जण आपल्या आवडत्या रोलचे नाव सांगून मोकळे होतात. ते नाव वाईट नसते. पण सांगणाऱ्याने तो रोल कोणत्या उजेडात वापरला, कोणत्या कॅमेऱ्यात वापरला आणि कोठे धुवून घेतला, हे त्या उत्तरात येत नाही. थंड हवेच्या देशात, ढगाळ दुपारी काढलेल्या छायाचित्रांवरून ठरवलेला रोल लातूरच्या एप्रिलमधल्या दुपारी तसाच वागेल अशी अपेक्षा ठेवली, तर पहिल्याच खेपेला हिरमोड होतो. म्हणून या लेखात मी क्रम उलटा घेतला आहे. आधी उजेड, मग कॅमेरा, मग माणसे आणि रंग, आणि रोलचे नाव त्यानंतर.

रंगीत रोलचे तीन प्रकार

दुकानात किंवा ऑनलाइन जे रंगीत रोल मिळतात ते तीन प्रकारांत मोडतात, आणि ते तीन वेगवेगळ्या रसायनांत धुतले जातात. पहिला प्रकार रंगीत निगेटिव्हचा, म्हणजे ज्यावर उलट्या रंगांचे चित्र उमटते असा रोल. तो सी-४१ या पद्धतीने धुतला जातो. कोडॅकने ही पद्धत १९७२ मध्ये आणली आणि आजही जगभर तीच चालते. दुसरा प्रकार स्लाइडचा, म्हणजे ज्यावर उलटे नव्हे तर सरळ, खऱ्या रंगांचे चित्र उमटते असा रोल; त्याची पद्धत ई-६. तिसरा प्रकार सिनेमासाठी बनवलेल्या फिल्मचा, जिची पद्धत ईसीएन-२ आहे आणि जिच्या पाठीवर बहुधा काजळीसारखा काळा थर असतो. हा थर आपल्याकडे फार महत्त्वाचा ठरतो, त्याबद्दल पुढे येईलच. नवख्याने पहिले वर्षभर तरी रंगीत निगेटिव्हच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण आपले ऊन आहे.

रंगीत निगेटिव्हमध्ये एकावर एक थर असतात. कोणता निळ्या, कोणता हिरव्या तर कोणता तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, आणि धुताना त्यांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा रंग तयार होतो. धुतलेल्या निगेटिव्हचा जो नारिंगी रंग दिसतो तो दोष नव्हे; रंगांची शुद्धता सांभाळण्यासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो. हे थर वेगवेगळे आहेत, एवढे लक्षात ठेवावे, कारण उन्हाळ्यात रोल खराब होतो तो याच कारणाने.

पहिली पायरी: उजेड मोजावा

रोलच्या डब्यावर १००, २००, ४००, ८०० असा आयएसओचा अंक असतो. अंक दुप्पट झाला की रोल दुप्पट संवेदनशील, म्हणजे निम्म्या उजेडात काम भागते. पण त्याबरोबर दाणाही, म्हणजे चित्रात दिसणारी बारीक रवाळ खरखरही, जाड होते. हा अंक निवडण्यासाठी जुन्या छायाचित्रकारांचा ‘सनी सिक्स्टीन’ नावाचा नियम पुरेसा आहे. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातले उजेड आत सोडणारे भोक, एफ १६ ला ठेवावे (एफचा अंक जितका मोठा तितके भोक लहान) आणि शटरचा वेग आयएसओच्या अंकाच्या जवळचा, म्हणजे सेकंदाचा साधारण तितकावा भाग ठेवावा. म्हणजे १०० च्या रोलला १/१२५, २०० ला १/२५० आणि ४०० ला १/५००.

आता हा नियम आपल्या भागाला लावून पाहावा. पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले, तर सकाळी नऊपासून दुपारी चार-साडेचारपर्यंत आपल्याकडे उजेडाची टंचाई कधीच नसते. अडचण असते ती उलटी. समजा आपल्या कॅमेऱ्याचा सर्वांत जास्त वेग १/१००० आहे, आणि ४०० चा रोल घालून आपल्याला दुपारी शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या मागची पार्श्वभूमी पुसट करायची आहे. त्यासाठी अ‍ॅपर्चर एफ ५.६ ला आणले, तर शटर १/४००० लागेल, आणि ते या कॅमेऱ्यात नाही. जुन्या स्टुडिओंत वापरला जाणारा याशिका मॅट-१२४जी तर १/५०० वरच थांबतो. अशा कॅमेऱ्यात ४०० चा रोल घातला की दुपारभर एफ १६ किंवा त्याहून लहान भोक याशिवाय पर्याय उरत नाही. तेच १०० च्या रोलवर एफ ८ आणि १/५०० मिळते.

म्हणून दिवसाढवळ्या, उघड्यावर छायाचित्रे काढायची असतील तर १०० किंवा २०० चा रोल घ्यावा. ४०० चा रोल सकाळ-संध्याकाळच्या उजेडासाठी, पावसाळ्यासाठी, वाड्याच्या ओसरीसाठी आणि घरात खिडकीजवळ बसलेल्या माणसासाठी ठेवावा. अशा ठिकाणी ४०० च्या रोलवर एफ २ ला साधारण १/६० ते १/१२५ वेग मिळतो. दिवेलागणीनंतरचे घर, कीर्तनाचा मंडप, जत्रेतली रात्रीची दुकाने यांसाठी ८०० लागतो.

अजिंठ्याबद्दल मला नेहमी विचारले जाते, म्हणून येथेच सांगतो. लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण भित्तिचित्रांचे रंग जपायचे आहेत. आतला उजेड इतका मंद आणि मिश्र असतो की नवख्याने रंगीत रोलवर भित्तिचित्रांच्या मागे लागू नये. त्याऐवजी वाघोरा नदीच्या वळणावरची नालाकृती दरी, दारातल्या खांबांवर पडलेली तिरपी किरणे आणि ओसऱ्यांतली सावली टिपावी. तेथे २०० चा रोल छान चालतो. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे तेथे दुपारनंतरचा उजेड घ्यावा. सकाळी गेलो तर कैलास लेण्याच्या काळ्या बसाल्टवर सावली असते आणि वर आकाश लख्ख असते, आणि कोणत्याही रोलला ते दोन्ही एकदम पेलणे अवघड जाते.

दुसरी पायरी: कॅमेरा काय स्वीकारतो ते पाहावे

हे काम दहा मिनिटांचे आहे, पण ते टाळू नये. कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरचा डबीतला रोल बसतो की १२० चा कागदी पाठीचा रोल, हे आधी पाहावे. आजोबांच्या काळातला आग्फा क्लिक थ्री किंवा याशिकाचा उभा, दोन भिंगांचा कॅमेरा १२० चा रोल घेतो आणि त्यावर चौरस चौकटीच्या बाराच फ्रेम मिळतात. छोट्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यात आयएसओ आपण ठरवत नाही. डबीवरची काळी-चंदेरी चौकटींची खूण वाचून कॅमेराच तो ठरवतो. सुटी फिल्म भरून विकलेल्या डबीवर ती खूण नसते, आणि मग असे बरेच कॅमेरे रोल १०० चा आहे असे धरून चालतात. ४०० चा रोल त्यामुळे दोन स्टॉपने जास्त उजळेल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पण निगेटिव्ह ते सहन करते. स्लाइड मात्र करणार नाही.

शेवटी मागचे झाकण उघडून आतली धूळ फुंकणीने काढावी. काळ्या रानातली माती वाळली की पिठासारखी बारीक होते, आणि तिचा एक कण रोलच्या वाटेत अडकला तर छत्तीसच्या छत्तीस फ्रेमवर आडवी रेघ ओढून जातो. मी रोल बदलताना कॅमेरा गमछ्याखाली धरतो, वाऱ्याकडे पाठ करतो आणि शेतात असलो तर गाडीत बसूनच झाकण उघडतो.

तिसरी पायरी: ऊन आणि सावली यांतले अंतर ओळखावे

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात रोल फसतो तो बहुधा येथेच.

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला लातूर आणि धाराशिवकडे वेळा अमावास्या येते. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी सगळे गाव रानात जाते. कडब्याची कोप उभी केलेली असते, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव मांडलेले असतात, आणि पूजेनंतर आंबील, भज्जी आणि उंडे यांची पंगत बसते. कोपीच्या तोंडाशी आजी बसलेली असते. तिचा चेहरा कोपीच्या सावलीत असतो, गुडघ्यावरच्या हातावर ऊन पडलेले असते, मागे हरभऱ्याचा हिरवा पट्टा असतो आणि त्यामागे पांढरेफेक आकाश. डोळ्यांना हे सगळे एकदम दिसते. कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे मीटर मात्र सांगते की चेहरा आणि मागचे रान यांच्यात तीन ते चार स्टॉपचा फरक आहे, म्हणजे रानावर चेहऱ्यापेक्षा आठ ते सोळा पट उजेड आहे.

अशा वेळी स्लाइडचा रोल असेल तर दोन्हींपैकी एकच गोष्ट मिळते. चेहरा धरला तर रान पांढरे होते, रान धरले तर आजी काळ्या ठिपक्यासारखी दिसते. अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा स्लाइडवर लगेच उठून दिसते. रंगीत निगेटिव्हचा स्वभाव वेगळा आहे. जास्त उजेड तिला पुष्कळ सोसतो, दोन-तीन स्टॉप जास्त झाले तरी रंग टिकून राहतात. कमी उजेड मात्र तिला सोसत नाही. सावल्यांत काही नोंदलेच गेले नाही तर स्कॅन करताना तेथून मळकट, करडा-हिरवा चिखल वर येतो. त्यामुळे निगेटिव्हवर नेहमी सावलीतल्या महत्त्वाच्या भागाचे मीटर घ्यावे. येळवसला मी कॅमेरा आजीच्या चेहऱ्याजवळ नेऊन मीटर पाहतो, तोच आकडा कायम ठेवतो, चार पावले मागे येतो आणि मग चित्र टिपतो. मागचे रान थोडे फिके होते, पण हरभरा हिरवाच राहतो आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक मोजता येतात.

यात आणखी एक खाच आहे. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालते. आपल्याकडे समोर बहुधा दोन टोकांच्या गोष्टी असतात. पांढरे धोतर, पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घातलेला माणूस चौकटभर असला, किंवा समोर बीबी का मकबरा असला, तर मीटर फसून उजेड कमी देते आणि पांढरे करडे होते. तेथे एक स्टॉप वाढवावा. उलट नांगरलेले काळे रान चौकटभर असेल तर मीटर गरजेपेक्षा जास्त उजेड देते; निगेटिव्हला ते चालून जाते, म्हणून तेथे काही बदलू नये.

चौथी पायरी: रोलचा स्वभाव

आता नावांकडे येऊ. प्रत्येक रोलला रंगांची स्वतःची ओढ असते, आणि ती आपल्या विषयाशी जुळवून पाहावी.

कोडॅक गोल्ड २०० हा रोल पिवळ्या-सोनेरी उबेकडे झुकतो. वाळलेली ज्वारी, कडब्याच्या गंजी, कापसाची बोंडे, हळदीचे लग्नघर, दगडी वाड्यावरचे संध्याकाळचे ऊन हे सगळे त्यावर देखणे येते. नवख्याला मी पहिला रोल हाच सांगतो. कलरप्लस २०० त्याहून साधा आणि सहसा स्वस्त. रंग थोडे मवाळ, जुन्या अल्बमच्या वळणाचे. सरावासाठी तो उत्तम आहे, आणि सरावात पैसे वाचले तर आणखी एक रोल घेता येतो, हा मोठाच फायदा.

प्रो इमेज १०० बद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, याचे मला वाईट वाटते. उष्ण हवेच्या देशांत फ्रीजशिवाय, साध्या तापमानात ठेवता यावा असा विचार करून हा रोल काढलेला आहे. त्वचेचे रंग त्यावर शांत येतात आणि आयएसओ १०० असल्यामुळे तो दुपारच्या उन्हाला साजतो. उन्हात रापलेल्या, सावळ्या चेहऱ्यांसाठी मला तो फार आवडतो. फ्रीज लागत नाही याचा अर्थ त्याला तापत्या गाडीत टाकावे असा मात्र नाही.

पोर्ट्रा हा व्यावसायिक रोल १६०, ४०० आणि ८०० अशा तीन अंकांत मिळतो. त्यातला पोर्ट्रा ४०० जगभर नावाजलेला आहे आणि त्याची कीर्ती खोटी नाही. उजेडाची चूक पोटात घालण्याची त्याची ताकद मोठी आहे, आणि कोपीतल्या आजीसारख्या प्रसंगी तो हमखास हात देतो. पण तो महाग आहे. सगळ्यांनी घेतला म्हणून आपणही पहिल्या दिवशी पोर्ट्रा घेतला, तर दर फ्रेमला जीव घाबरतो आणि हात मोकळा होत नाही. लग्न, नामकरण, घरातल्या वडीलधाऱ्यांची छायाचित्रे, म्हणजे जे पुन्हा मिळणार नाही, त्यासाठी पोर्ट्रा राखून ठेवावा.

एक्टार १०० याच्या अगदी उलट आहे. त्याचा दाणा फार बारीक, रंग गडद आणि ठसठशीत. पैठणीचा पदर, हिमरूची वेलबुट्टी, बंजारा स्त्रियांचा आरशांचा पोशाख, जायकवाडीच्या नाथसागरावरचे निळे पाणी यांसाठी त्याला तोड नाही. पण उजेड थोडा कमी पडला तरी सावल्या निळसर होतात, आणि चेहरे लालबुंद दिसू लागतात. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथे मी एकदा घोड्यांच्या बाजारात एक्टार वापरला. घोड्यांच्या अंगावरची झूल आणि गुलाबी फेटे अप्रतिम आले. पण फेट्याखालचे चेहरे विटेच्या रंगाचे झाले. तेव्हापासून वस्त्रांना आणि वास्तूंना एक्टार, माणसांना दुसरा रोल, असा मी नियमच करून टाकला आहे.

अल्ट्रामॅक्स ४०० हा सगळीकडे चालणारा, जरा जाड दाण्याचा रोल. ज्याच्याकडे एकच रोल आहे आणि दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत लांबणार आहे त्याने तो घ्यावा. फुजीच्या रोलमध्ये हिरवा-निळा थोडा पुढे येतो, म्हणून पावसाळ्यातल्या रानांना आणि श्रावणातल्या डोंगरांना ते शोभतात. हारमन कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेला फीनिक्स २०० हा मुळातच कडक, ऊन-सावलीचा फरक आणखी वाढवणारा रोल आहे. आपल्या दुपारच्या उन्हात नवख्याने तो वापरू नये. ढगाळ दिवशी जरूर वापरून पाहावा.

सिनेस्टिल ८००टी बद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण तरुण मंडळी तोच आधी मागतात. तो कोडॅकच्या ५००टी या सिनेमा-फिल्मवरून बनवलेला असून पाठीचा काळा थर आधीच काढलेला असतो, म्हणून तो सी-४१ मध्ये धुता येतो. तो थर नसल्यामुळेच दिव्यांभोवती लाल वलय उमटते. नावातला ‘टी’ पिवळ्या तारेच्या दिव्यासाठी, म्हणजे सुमारे ३२०० केल्व्हिनच्या उजेडासाठी आहे (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; अंक जितका लहान तितका उजेड पिवळा). बाकीचे रोल साधारण ५५०० केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी असतात. त्यामुळे दिवसा तो वापरला तर सगळे निळे येते, आणि ते टाळायला ८५बी क्रमांकाचा नारिंगी फिल्टर लावावा लागतो. रात्रीच्या जत्रेत, पिवळ्या दिव्यांच्या माळांखाली त्याचा उपयोग आहे. पण आता बहुतेक दुकानांत पांढरे एलईडी दिवे आले आहेत, आणि त्यांच्याखाली मला साधा ८०० चा रोल जास्त बरा वाटतो.

पाचवी पायरी: धुणार कोठे, हे रोल घेण्याआधी ठरवावे

पूर्वी तालुक्याच्या गावातही रोल तासाभरात धुवून मिळत असे. आता आपल्या आठही जिल्ह्यांत रंगीत रोल धुणारे ठिकाण शोधावे लागते, आणि बहुतेकांना रोल पुण्याला किंवा मुंबईला कुरिअरने पाठवावा लागतो. म्हणून रोलची किंमत म्हणजे फक्त रोलची किंमत नव्हे. रोल, धुणे, स्कॅन आणि जाण्या-येण्याचे कुरिअर यांची बेरीज करून छत्तीसने भागावे. एका फ्रेमला काय पडते ते कळते. मी तीन-तीन रोल साठवून एकदम पाठवतो, त्यामुळे कुरिअरचा भार विभागला जातो. पण साठवायचे म्हणून महिनोनमहिने ठेवू नयेत, कारण टिपलेले चित्र धुवेपर्यंत हळूहळू विरत असते, आणि उन्हाळ्यात ते जरा लवकरच विरते.

लॅबला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. सी-४१ रोज धुतात की आठवड्यातून एकदा, निगेटिव्ह परत देतात का, स्कॅन किती मोठा देतात, आणि स्कॅन करताना रंग स्वतःहून बदलतात का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. निगेटिव्हचे रंग शेवटी स्कॅनमध्ये ठरतात. एक रोल एका लॅबकडे आणि दुसरा दुसऱ्या लॅबकडे दिला, तर जो फरक दिसतो तो रोलचा की स्कॅनचा, हे कोणालाही सांगता येणार नाही. रोलची तुलना करायची असेल तर लॅब एकच ठेवावी.

आता सिनेमाच्या फिल्मबद्दल. आपल्या देशात चित्रपटांचा व्यवसाय मोठा असल्यामुळे उरलेली सिनेमा-फिल्म डब्यांत भरून विकणारे बरेच आहेत, आणि हे रोल स्वस्तही पडतात. त्यांच्या पाठीवर बहुधा तो काळा थर शाबूत असतो. असा रोल सी-४१ च्या यंत्रात गेला तर थर सुटून सगळी रसायने खराब होतात आणि त्या दिवशीचे इतरांचे रोलही डागाळतात. मी एकदा न सांगता असा रोल पाठवला होता. लॅबमधल्या माणसाने अंधारात बोट लावून थर ओळखला आणि रोल तसाच परत पाठवला. चूक संपूर्ण माझी होती. असे रोल घ्यायचे असतील तर ईसीएन-२ धुणारी लॅब आधी शोधावी, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत तसे लिहावे.

सहावी पायरी: रोल उन्हापासून जपावा

फिल्म बनवणारे न वापरलेला रोल २१ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायला सांगतात. आपल्याकडे मार्च ते जून घराच्या आतसुद्धा हे शक्य नसते, आणि बाहेर पारा चाळीसच्या वर असतो. उष्णतेने तिन्ही थर सारख्या गतीने जुने होत नाहीत. एखादा पुढे जातो, एखादा मागे राहतो, आणि मग रंगांचा तोल असा जातो की नंतर कितीही दुरुस्त केला तरी सावल्यांत एक छटा आणि उजेडात दुसरी छटा राहते. एका मे महिन्यात माझा एक टिपून झालेला रोल दुचाकीच्या डिकीत दोन दिवस राहिला. अंबाजोगाईच्या जुन्या देवळांची छायाचित्रे होती ती. काळा दगड करडा आला, सावल्यांवर शेवाळासारखी छटा चढली, आणि शेंदराचा भगवा रंग निस्तेज झाला. ती चित्रे पुन्हा काढायला मला पुढचा हिवाळा लागला.

म्हणून रोल आणल्याबरोबर हवाबंद डब्यात घालून फ्रीजच्या दारात ठेवावा. वापरण्याआधी दोन तास डबा बाहेर काढून न उघडता ठेवावा, नाहीतर थंड फिल्मवर हवेतला ओलावा बसतो; पावसाळ्यात तर हे कटाक्षाने पाळावे. बाहेर पडताना रोल डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर न ठेवता पाठीवरच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत ठेवावा. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठाशेजारी, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रोल ठेवावा. आमच्या घरी वीज जाते तेव्हा मी हेच करतो.

जुन्या स्टुडिओत मुदत संपलेले रोल कधीकधी फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळतात. मुदत संपून दर दहा वर्षे झाली की एक स्टॉप जास्त उजेड द्यावा, असा एक ठोकताळा सांगितला जातो, पण तो थंड जागी ठेवलेल्या रोलपुरता आहे. पत्र्याच्या छपराखाली पंधरा उन्हाळे काढलेल्या रोलला तो लागू होत नाही. खेळ म्हणून वापरावा, पण कोणाच्या लग्नात वापरू नये.

सातवी पायरी: एकाच जातीचे तीन रोल

एक वही घ्यावी. पाच वेगवेगळे रोल घेण्यापेक्षा एकाच जातीचे तीन रोल घ्यावेत आणि प्रत्येक फ्रेमपुढे वेळ, जागा, अ‍ॅपर्चर आणि शटर लिहावे. पहिल्या रोलवर एकच विषय तीन प्रकारे टिपावा. एकदा मीटर सांगेल तसा, एकदा एक स्टॉप जास्त, एकदा दोन स्टॉप जास्त. हे दुपारी करावे, संध्याकाळी करावे आणि सावलीतही करावे. बारा प्रसंगांत छत्तीस फ्रेम संपतात. हा रोल छायाचित्रांसाठी नाही, अभ्यासासाठी आहे, असे मनाशी ठरवले की खर्चाचे वाईट वाटत नाही.

रोल धुवून आला की आधी स्कॅन पाहू नयेत. निगेटिव्हची पट्टी कडेने धरून खिडकीसमोर, पांढऱ्या कागदावर पडलेल्या उजेडात पाहावी. कडेला रोलचे नाव आणि फ्रेमचे अंक छापलेले दिसतात. ते ठसठशीत असतील तर धुणे बहुतेक ठीक झाले आहे. नावच फिके असेल तर गडबड लॅबकडे किंवा रोलच्या वयात आहे. नाव गडद आणि चित्र तेवढे फिके असेल तर उजेड आपणच कमी दिला आहे. मग चित्रातला सावलीचा भाग पाहावा. तो नुसता नारिंगी, कडेच्या कोऱ्या पट्टीसारखाच दिसत असेल तर तेथे काहीच नोंदलेले नाही. त्याच जागी थोडी जरी रेषा, एखादी घडी, दगडाचा सांधा दिसला तर रोलला पुरेसे मिळाले आहे. तीनपैकी कोणत्या फ्रेममध्ये सावली जिवंत आहे, ते वहीत लिहून घ्यावे. माझ्या वहीत गोल्ड २०० च्या पानावर बहुतेक दुपारी ‘एक स्टॉप जास्त’ असे लिहिलेले आहे, म्हणून आता तो रोल घातला की मी कॅमेऱ्याची तबकडी १०० वर फिरवतो आणि मग पुढचे दोन रोल निर्धास्तपणे संपवतो.